आपला सिनेमा आपणच दाखवायचा: गोव्यातल्या स्वतंत्र चित्रपटकारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर नोव्हेंबरात पणजीत कुणी ना कुणी गाठतेच. गळ्यात इफ्फीचे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे, कार्ड, हातात चहाचा कागदी कप आणि पहिले वाक्य ठरलेले: "फिल्म जाली, आतां कितें?" चित्रीकरणासाठी तीन वर्षे जमवाजमव केलेली असते, पण लोकांना सिनेमा दाखवायचा कसा याचा तीन दिवसही विचार झालेला नसतो. मीही त्यातलाच होतो. माझा दीड तासाचा मराठी सिनेमा सभागृहे, देवळांचे मंडप आणि कॉलेजचे वर्ग यांतून फिरवताना जे कळले, ते इथे लिहिले आहे. कायद्याच्या गोष्टी कायद्याप्रमाणे सांगितल्या आहेत, बाकीचे माझे मत.

वितरक मिळाला नाही तर सिनेमा पडूनच राहणार का?

नाही. पण त्यासाठी चित्रपट व्यवसायाच्या नजरेने बघणे थोडे बाजूला ठेवून नाटक कंपनीच्या नजरेने बघावे लागते.

गोव्यात गावागावांत उत्सवी नाटके होतात. जत्रा, काला, सप्ताह, काहीही असो, देवळाच्या मंडपात रंगमंच उभा राहतो आणि हजाराच्या वस्तीतली चारशे माणसे रात्री दोनपर्यंत बसतात. या गावांत कार्यक्रम उभा करायची यंत्रणा तयार असते. खुर्च्या कुणाकडून आणायच्या, जनरेटर कुणाचा आणि तो ऐनवेळी बंद पडला तर दुसरा कुणाचा, देणगी कुणाकडे मागायची, हे सगळे मंडळाच्या सचिवाला तोंडपाठ असते. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकारातल्या मंडळींनी हेच गणित दक्षिण गोव्यात वर्षानुवर्षे चालवले आहे. 'नाचूंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट दशकभरापूर्वी सभागृहांतून खास खेळ लावत असाच गोवाभर फिरला आणि लोकांनी तो रांगा लावून पाहिला.

म्हणून मी 'प्रदर्शन' हा शब्दच सोडून दिला आहे. मी 'दौरा' म्हणतो. प्रदर्शन एका शुक्रवारी होते आणि बहुतेक वेळा पुढच्या गुरुवारी संपते. दौरा दोन वर्षे चालू शकतो.

गावातच दाखवणार आहे, तरी सेन्सॉर लागते का?

लागते. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र हवे. तिकीट लावले की नाही, सिनेमा दोन तासांचा की बारा मिनिटांचा, याने फरक पडत नाही. लघुपट आणि माहितीपटही त्यात येतात. चित्रपटगृहात ट्रेलर लावणार असाल तर त्यालाही वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

घरी दहा मित्रांना बोलावून दाखवले तर ती खाजगी गोष्ट. पण फेसबुकवर 'सर्वांना सप्रेम निमंत्रण' टाकलेत की ते घर राहत नाही. "कोण येणार तपासायला?" असे म्हणणारे भेटतात. खरेच, बहुधा कुणी येत नाही. मात्र गावात दोन गट असतील आणि एका गटाने तुम्हाला बोलावले असेल, तर दुसऱ्या गटाला नेमका हा कायदा आठवतो.

प्रमाणपत्र काढायला कुठे जायचे? किती दिवस लागतात?

प्रमाणन मंडळाची देशात नऊ प्रादेशिक कार्यालये आहेत, गोव्यात एकही नाही. आपल्याकडचे लोक मुंबईला जातात. अर्ज ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. फी सिनेमाच्या लांबीवर ठरते. पहिल्या खेळाच्या तारखेआधी निदान दोन महिने हातात ठेवा, कारण बराच वेळ कागदपत्रांतल्या त्रुटी दुरुस्त करण्यातच जातो.

ज्यावर लोक अडतात त्या दोन गोष्टी. पहिली, प्राणी. सिनेमात बैल, कोंबडा, मांजर काहीही वापरले असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाचे ना-हरकत पत्र मागतात. त्यासाठीचा अर्ज चित्रीकरणाआधी करायचा असतो, नंतर नाही. गोव्यातल्या गावात कॅमेरा लावला आणि चौकटीत कुत्रा आला नाही असे होत नाही, तेव्हा हे आधीच ध्यानात ठेवा. दुसरी, विडी-सिगारेट. तंबाखूचे दृश्य असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्यविषयक संदेश, तसेच दृश्य चालू असताना पडद्याच्या खाली स्थिर इशारा द्यावा लागतो. पात्राच्या हातातली एक विडी दीड मिनिट खाऊन जाते. ती विडी कथेला खरेच हवी आहे का, हे संहिता लिहितानाच ठरवा.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) गटाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले आहेत. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षे असे, आता ते कायमचे असते. दौरा करणाऱ्याला ही दुसरी सुधारणा फार उपयोगाची. काटछाट मान्य नसेल तर आधी पुनरीक्षण समिती आणि त्यानंतर थेट उच्च न्यायालय. मधले अपिलीय न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले.

प्रमाणपत्राची तारीखही जपून निवडा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी वर्ष मोजतात ते प्रमाणपत्राच्या तारखेवरून. ३० डिसेंबरला मिळाले की २ जानेवारीला, यात एक पूर्ण वर्ष इकडचे तिकडे होते.

इफ्फीत दाखवला म्हणजे झाले ना प्रदर्शित?

नाही हो. चित्रपट महोत्सवांना प्रमाणपत्रातून सूट मिळते, पण ती त्या महोत्सवापुरती, त्या खेळांपुरती. दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा म्हापशात तिकीट लावून दाखवायचा तर प्रमाणपत्र पाहिजेच.

इफ्फी २००४ पासून गोव्यात आहे, त्यामुळे आपल्या पोरांना तो गावच्या जत्रेसारखा वाटतो. त्याचा फायदा घ्या, पण त्याच्याकडून नेमके काय मिळते ते समजून घ्या. महोत्सव मान देतो, वर्तमानपत्रात बातमी देतो, पोस्टरवर लावायला पानांची ती गोल नक्षी देतो. पैसे आणि प्रेक्षक ही वेगळी खाती आहेत. त्याच्याच जोडीने राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ २००७ पासून फिल्म बाजार (२०२५ पासून नाव 'वेव्हज फिल्म बाजार') भरवते. तिथल्या व्ह्यूइंग रूममध्ये पूर्ण झालेला किंवा जवळजवळ पूर्ण झालेला सिनेमा ठेवता येतो. फी असते, पण महोत्सवांचे निवड करणारे लोक तो तिथे बसून बघतात. पहिल्याच वर्षी विकला जाईल ही आशा मात्र ठेवू नका. मी त्या चार दिवसांत मूठभर व्हिजिटिंग कार्डे गोळा केली, पुढे मेल पाठवले. दोघांचे उत्तर आले, आणि त्यातल्या एकाने मलाच त्याचा सिनेमा विकायचा प्रयत्न केला.

मल्टिप्लेक्समध्ये लावता येईल का?

येईल. लावायचे की नाही हा खरा प्रश्न. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटांसाठी प्राइम टाइम ठेवण्याचा नियम आहे, तो गोव्याला लागू नाही. इथे तुम्हाला सकाळी साडेदहाचा खेळ मिळेल, तोही शनिवारपर्यंत.

हिशेब साधा आहे. समजा तिकीट २०० रुपये. शंभरच्या वरच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे कर वजा जाता उरले साधारण १६९ रुपये ५० पैसे. पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा धरला तरी तुमच्याकडे ८५ च्या आसपास येतात. त्यातून डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क, पोस्टर, जाहिरात आणि मध्ये कुणी वितरक असेल तर त्याचे कमिशन जाते. वाट्याचे प्रमाण दुसऱ्या आठवड्यापासून घसरत जाते, पण आपल्यासारख्यांचा सिनेमा दुसरा आठवडा बघतो कुठे? पन्नास माणसे आली तर हातात पडणाऱ्या पैशांत टीमला धड शिवराक (शाकाहारी) जेवणही घालता येत नाही.

तरीही एक खेळ मल्टिप्लेक्समध्ये लावावा असे माझे मत आहे. नातेवाईकांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी. "चित्रपटगृहात लागला" हे वाक्य पुढे सभागृह मिळवताना उपयोगी पडते.

मग सभागृह कोणते घ्यावे?

गोव्याइतक्या लहान राज्यात इतकी सभागृहे आहेत हे आपले भाग्य. मडगाव, साखळी, कुडचडे आणि बायण्याचे रवींद्र भवन, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, पणजीत मॅकिनेझ पॅलेस, पाटोवर संस्कृती भवन आणि मध्यवर्ती ग्रंथालय, दोनापावलाला इंटरनॅशनल सेंटर, मडगावात गोमंत विद्या निकेतन. हजार खुर्च्यांच्या कला अकादमीवर सगळ्यांचा डोळा असतो. पहिल्या सिनेमासाठी मी कधीच तिकडे जाणार नाही. हजार खुर्च्यांत दोनशे माणसे बसली की सिनेमा पडल्यासारखा दिसतो. तीच दोनशे माणसे दीडशेच्या सभागृहात आली तर भिंतीला टेकून उभी राहतात आणि गावभर सांगत सुटतात. मडगावच्या रवींद्र भवनात मोठ्या सभागृहाशिवाय लहान ब्लॅक बॉक्स आहे, तो आधी बघा.

एक अडचण सगळीकडे सारखी. ही सभागृहे बांधली गेली नाटकासाठी. पडदा म्हणजे रंगमंचावर मधोमध टांगलेले कापड, प्रोजेक्टर व्याख्यानांना लागतो तेवढ्या ताकदीचा आणि ध्वनियंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी लावलेली. माझ्या पहिल्या खेळाला पडदा इतका खाली बांधला होता की उपशीर्षके पुढच्या दोन रांगांतल्या डोक्यांमागे गेली. कोंकणी संवादांना मराठी उपशीर्षके होती म्हणून निभावले, कारण गोव्यात कोंकणी कुणाला कळत नाही? पण मुंबईहून आलेले पाहुणे दीड तास मान तिरकी करून बसले होते. तेव्हापासून उपशीर्षके चौकटीच्या तळापासून नेहमीपेक्षा थोडी वर ठेवतो आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून किती उंच राहील ते टेपने मोजतो.

बुकिंग करण्याआधी पेनड्राइव्ह घेऊन सभागृहात जा. आपल्या सिनेमातला सगळ्यात काळोखा प्रसंग, सगळ्यात हळू संवाद आणि सगळ्यात मोठा आवाज, असे तीन तुकडे लावून बघा. काळोख्या प्रसंगात चेहरे दिसत नसतील तर बाहेरून प्रोजेक्टर भाड्याने आणा. पंधरा फुटांच्या पडद्याला पाच-सहा हजार लुमेन (प्रोजेक्टरच्या प्रकाशाचे माप) तरी हवेत. शेवटच्या रांगेत बसून ऐका. बाहेर जाण्याच्या दारावरचा हिरवा दिवा पडद्यावर पडतो का ते बघा. आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजा. हे सल्ल्याच्या शेवटी आले असले तरी महत्त्वाने पहिले आहे.

तारखांचे म्हणाल तर शनिवार-रविवारची संध्याकाळ नाटके आणि तियात्रांनी आधीच धरलेली असते. हट्ट करू नका. शुक्रवारी साडेसहा किंवा रविवारी सकाळी अकरा. रविवार सकाळ मला फार लाभली. बाजार आटोपून, दुपारच्या हुमण-शिताआधी (माशाच्या कालवण-भाताआधी) लोक निवांत असतात.

डीसीपी म्हणजे काय? पेनड्राइव्हवर चालत नाही का?

सभागृहात चालते, चित्रपटगृहात नाही. डिजिटल सिनेमा पॅकेज म्हणजे चित्र, आवाज, उपशीर्षके यांच्या वेगवेगळ्या फायलींचा संच, जो चित्रपटगृहाचा सर्व्हर वाचतो. स्टुडिओवाले याचे बरेच पैसे मागतात. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर तेच काम करते, वेळ मात्र रात्रभर लागतो. पहिले पॅकेज स्वतः बनवा आणि एखाद्या चित्रपटगृहात सकाळच्या खेळाआधी दहा मिनिटे तपासून घ्या.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते फ्रेमच्या वेगावर. आपल्याकडे अनेकजण सेकंदाला २५ फ्रेमवर चित्रीकरण करतात, चित्रपटगृहाची सवय २४ ची. २५ ची फाइल २४ वर नुसती सावकाश चालवली तर शंभर मिनिटांचा सिनेमा एकशेचार मिनिटांचा होतो आणि गाण्याचा सूर किंचित उतरतो. तुमच्या संगीतकाराला ते पहिल्या ओळीत कळेल आणि तो ते कधीच विसरणार नाही. चित्रीकरणाआधीच २४ ठरवा.

आवाजाबद्दल एवढेच: मिक्सिंग करताना चित्रपटगृहाच्या प्रोसेसरवरचा आवाजाच्या पातळीचा ७ हा आकडा प्रमाण धरतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो पाचावर नाहीतर साडेचारावर ठेवलेला असतो, कारण आदल्या सिनेमाने कुणाचे तरी कान फोडलेले असतात. खेळाआधी प्रक्षेपण कक्षात जाऊन नम्रपणे बोला.

सभागृहासाठी साधी एमपी-४ फाइल, १०८० पिक्सेलची, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर. जुन्या फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, हे आदल्या रात्री साडेअकराला कळू नये म्हणून आत्ताच सांगतो.

उघड्यावर, देवळाच्या मंडपात दाखवायचा असेल तर?

गावच्या मंडळाकडून लेखी निमंत्रण, पंचायतीची संमती, ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि पोलिसांना कळवणे. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा देशभरचा नियम. एप्रिलमध्ये आपल्याकडे सव्वासातला पुरेसा काळोख होतो. साडेसातला सुरू केले तर दोन तासांचा सिनेमा वेळेत बसतो. मात्र सरपंच, देवस्थानचे अध्यक्ष आणि स्थानिक आमदारांचा प्रतिनिधी यांची भाषणे धरली तर बसत नाही. भाषणे मध्यंतरात ठेवा. तेव्हा लोकांना बाहेर जायचे असते, त्यामुळे ती आपोआप आटपतात.

पावसाळ्यात पत्र्याखाली खेळ लावू नका. मी लावला होता, फोंडा तालुक्यातल्या एका गावात, जुलैमध्ये. सिनेमात एक सात मिनिटांचा प्रसंग आहे. बाप आणि मुलगा ओसरीवर बसून आंबे चिरतात, कुणी काही बोलत नाही, फक्त सुरीचा आवाज. त्या आवाजासाठी आम्ही दोन दिवस घालवले होते. नेमका तेव्हाच पाऊस कोसळला. पत्र्यावर असा काही ताशा वाजला की शेजारच्याचा खोकलाही ऐकू येईना. मी मागे उभा राहून घामाघूम. खेळ संपल्यावर एक आजी जवळ आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "पावसाचो आवाज बरो घेतला हां, बाबा." सिनेमा मे महिन्यात घडतो.

तिकीट लावावे की फुकट दाखवावा?

फुकट कधीच नाही. फुकट खेळाला येतो म्हणणाऱ्यांतले निम्मे येत नाहीत आणि आलेल्यांतले निम्मे मध्येच उठतात. पन्नास रुपये दिलेला माणूस शेवटची नामावली संपेपर्यंत बसतो.

मी तीन प्रकार वापरतो. स्वतः लावलेला खेळ: भाडे, प्रोजेक्टर, ध्वनी, पोस्टर मिळून समजा १५ हजार खर्च आणि तिकीट १०० रुपये, तर दीडशे माणसांवर खर्च निघतो. दीडशे माणसे जमवणे दिसते तितके सोपे नाही, म्हणून जोखीम आपली. दुसरा कंत्राटी खेळ: मंडळ ठरावीक रक्कम देते, तिकीट लावायचे की नाही ते त्यांचे त्यांनी ठरवायचे. नाटकवाल्यांकडून शिकलेला हा प्रकार मला सगळ्यात आवडतो. रक्कम कमी असली तरी झोप लागते. अर्धे पैसे तारीख पक्की करताना घ्या. उरलेले मध्यंतरात, शेवटी नाही. शेवटी खजिनदार सापडत नाही. तिसरा, शाळा-कॉलेजांचा खेळ: दर विद्यार्थ्यामागे थोडी रक्कम आणि नंतर मुलांशी गप्पा.

सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. तिकिटांची पुस्तके क्रमांक घालून छापा, विकायला दिलेल्या प्रत्येकाकडून स्थळप्रत परत घ्या. मित्र नाराज होतात, होऊ द्या.

पासेसबद्दल एक सूचना. गोव्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे पास मागणाऱ्यांची यादी प्रेक्षकांच्या यादीपेक्षा मोठी होते. कलाकारांना प्रत्येकी दोन, प्रायोजकांना ठरल्याप्रमाणे, बाकी सगळ्यांना हसून तिकीट. मी माझ्या सख्ख्या मामांनाही विकत दिले. त्यांनी चार घेतली.

सिनेमातल्या गाण्यांचे काय? भजन तर सगळ्यांचेच असते ना?

अभंगाचे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे, त्यांवर कुणाचा हक्क नाही. पण त्याची चाल एखाद्या संगीतकाराने बांधली असेल तर ती त्याची आणि ध्वनिमुद्रण कंपनीचे. गावच्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या, त्यांना मानधन द्या, कागदावर सही घ्या. पार्श्वभूमीला हॉटेलातला रेडिओ वाजतो आणि त्यावर जुने हिंदी गाणे आहे, हे तर सगळ्यात महाग पडते. चित्रीकरणाच्या दिवशी रेडिओ बंद करायला सांगा.

तसेच कलाकार, छायाचित्रकार, संकलक, संगीतकार या सगळ्यांशी लेखी करार करा, भले ते बालमित्र असोत. उद्या एखादे ओटीटी व्यासपीठ सिनेमा घ्यायला तयार झाले तर पहिल्यांदा हेच कागद मागते.

वितरकाने करार पुढे केला आहे. सही करू का?

आज नको. घरी घेऊन या, तीनदा वाचा, वकिलाला दाखवा.

माझ्याकडून मुंबईतल्या एका वितरकाने सगळे हक्क लिहून घेतले होते: सगळ्या माध्यमांसाठी, सगळ्या जगासाठी. आगाऊ रक्कम शून्य. बदल्यात 'मोठे प्रदर्शन' हे शब्द, तेही तोंडी. चौदा महिने सिनेमा त्यांच्या कपाटात होता. मी गावात साधा खेळ लावायचा म्हटला तरी परवानगी मागावी लागे आणि फोन कुणी उचलत नसे. चूक माझीही. 'आपला सिनेमा कुणाला तरी हवा आहे' या आनंदात मी शेवटची दोन पाने वाचलीच नव्हती.

सुटका झाली ती स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ मुळे, जे मला फार उशिरा कळले. हक्क हस्तांतरित करताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्याने हक्क घेतले त्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळे काही म्हटले नसल्यास हक्क आपोआप परत येतात. माझ्या करारात वेगळे काही म्हटले नव्हते. ज्याने तो मसुदा केला त्याने ते कलम वाचले नसावे, माझ्या नशिबाने.

म्हणून हक्क तुकड्यांत द्या. चित्रपटगृह वेगळे, दूरचित्रवाणी वेगळी, ओटीटी वेगळे. प्रत्येकाला मुदत. आणि एक वाक्य प्रत्येक करारात घाला: गोवा, सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार इथल्या सभागृहांत व संस्थांत खेळ लावण्याचा हक्क निर्मात्याकडे राहील. वितरकाला त्या पट्ट्यात रस नसतो, तो लगेच हो म्हणतो. आपला सगळा प्रेक्षक तिथेच असतो.

ओटीटीवर किंवा यूट्यूबवर थेट टाकला तर?

तिथे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही, ओटीटीवाले २०२१ च्या नियमांप्रमाणे वयोगट स्वतःच ठरवतात. प्रसार भारतीने २०२४ च्या इफ्फीत 'वेव्हज' नावाचे व्यासपीठ सुरू केले, मोठ्या खाजगी कंपन्यांच्या दारात उभे राहण्याआधी तिकडे विचारून बघायला हरकत नाही.

यूट्यूबबद्दल माझे मत कडवट आहे. एकदा टाकलात की दौरा संपला. "यूट्यूबर आसा मरे" म्हटल्यावर मंडळ कशाला पैसे देईल? महोत्सवही अनेकदा नाकारतात. दोन वर्षे दौरा करा, मग टाका. परदेशातल्या गोंयकारांनी मागितला तर पासवर्ड घातलेली खाजगी लिंक, ठरावीक दिवसांपुरती, पैसे आधी.

महोत्सवांना आधी पाठवू की लोकांना आधी दाखवू?

महोत्सव आधी, पण मुदत घालून. बरेच महोत्सव 'आमच्याकडे पहिला खेळ' ही अट घालतात. एक वर्ष ठरवा. प्रवेश फी जोडून बघा, ती बघता बघता सिनेमाच्या प्रकाशयोजनेइतकी होते. मराठीसाठी पुण्याचा पिफ, माहितीपट आणि लघुपटांसाठी मुंबईचा मिफ आणि केरळचा लघुपट महोत्सव, आणि अर्थात घरचा इफ्फी. वर्ष संपले की थांबा आणि गाडी काढा.

जाहिरात कशी करावी?

डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथे आजही सकाळी मराठी वर्तमानपत्र वाचले जाते. गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत यांच्या तालुका वार्ताहरांना स्वतः जाऊन भेटा. पणजीच्या कार्यालयात पाठवलेला मेल हरवतो, वार्ताहराने दिलेली बातमी छापून येते. सासष्टीत खेळ असेल तर पोस्टर रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीतही करा. यावर माझ्याशी भाषावाद घालायला येऊ नका, मला खुर्च्या भरायच्या आहेत.

पोस्टर कुठे लावायचे? जिथे माणूस दोन मिनिटे थांबतो तिथे. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलवर लावून बघितले, त्याने पैसे घेतले नाहीत पण पाव विकत घ्यायला लावले.

कोणत्या तारखा टाळाव्यात?

चवथीचे दिवस, कार्निव्हल, शिगमो आणि आसपासच्या मोठ्या जत्रा. बोडगेश्वराच्या जत्रेत म्हापशात सिनेमा लावणे म्हणजे खाज्याच्या दुकानासमोर उपवासाचे भाषण. दहावीच्या परीक्षेत पालकही घराबाहेर पडत नाहीत. पाऊस सोडला तर ऑक्टोबर, डिसेंबरचा पूर्वार्ध आणि एप्रिल-मे चांगले.

कुणी मोबाइलवर चित्रीकरण केले तर?

२०२३ च्या दुरुस्तीने तो गंभीर गुन्हा ठरवला आहे. किमान तीन महिने तुरुंगवास आणि तीन लाख दंड, वरची मर्यादा तीन वर्षे. ही ओळ खेळाआधी पडद्यावर दाखवा, पुरेसे असते. गावात बहुतेक लोक आपल्या ओळखीचा माणूस पडद्यावर आला म्हणून दहा सेकंद टिपतात. तेवढे मी सोडून देतो.

मूळ फायली कुठे ठेवाव्यात?

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या घरांत, त्यातली एक शक्यतो घाटावर. गोव्याच्या दमट हवेत हार्ड डिस्क टिकत नाही आणि लेन्सवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पावसाळ्यात दर महिन्याला त्या बदला आणि डिस्क एकदा संगणकाला लावून चालवा. माझी तिसरी प्रत बेळगावला मावशीकडे, तिच्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली आहे. दर गणपतीला फोन करून विचारतो, ती दर वेळी म्हणते, "आहे रे, पण कधी दाखवणार आहेस?" यंदाच्या मे महिन्यात तिथल्या वाचनालयात तारीख घेतली आहे.